तिच्या गळ्यातला माझा टाक

तिनं पदराखालून काळा गोफ वर ओढला, डोक्यावरून काढला आणि माझ्या ओट्यावर, कुरडयांच्या चिकाच्या पातेल्याशेजारी ठेवला. गोफात चांदीचा लहानसा टाक होता. त्यावर एक बाई उभी होती. नाकडोळे झिजून गेलेले, पदर तेवढा ओळखू येत होता.

"ह्या तुम्ही," ती म्हणाली.

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही गेलेल्या आहात, अक्का. मज गळ्यात आहात. लग्नापासून."

मी गॅस बंद केला, पण चीक तळाला लागायचा तो लागलाच. त्या दिवशीच्या कुरडया करपट झाल्या, गिऱ्हाइकाला देता आल्या नाहीत. त्या घटकेला मनात काय आलं म्हणून विचाराल तर काहीच आलं नाही.

टाक म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सासरच्या बाजूला, साताऱ्याकडं, देवांचे टाक असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून काढलेले. घरात कुणी गेलं तर त्याचाही करतात. आणि पहिली बायको गेली, पुरुषानं दुसरी केली, तर दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाला पहिला घास तिच्या नावाचा. का, तर गेलेलीनं रागावू नये, नव्या संसाराला तिचा त्रास होऊ नये. माझ्या चुलतसासूच्या गळ्यात असा टाक मी पाहिला होता. म्हातारी बसल्या बसल्या तो दातात धरून चावायची. आपण कधी कुणाच्या गळ्यात लटकू असं मला वाटलं नव्हतं, आणि जिवंतपणी तर नाहीच.

समोर उभी होती ती माझ्या नवऱ्याची दुसरी बायको. नवरा म्हणजे घटस्फोट झालेला. घटस्फोट झाला तेव्हा माझी वेणी कमरेपर्यंत होती. ही बाई दारात आली तेव्हा माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं होऊन गेली होती. मधे एवढा काळ गेला, आणि तोवर मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं.

सकाळी तिनं फाटकाची कडी वाजवली आणि तमिळमधून विचारलं, आत कोण राहतं. मी म्हटलं, मी राहते. ती म्हणाली, हे माझ्या मिस्टरांचं घर आहे, मिस्टर अंथरुणाला खिळलेत, आता भाडेकरूंनी घर सोडावं, फार वर्षं झाली. मी मराठीत माझ्याशीच पुटपुटले, "ही कोण भवानी आली सकाळी सकाळी?"

"मला मराठी कळतं," ती म्हणाली.

तिची मराठी तंजावरकडची. तिकडं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांची मराठी ऐकायला जुन्या पोथीसारखी लागते आणि सूर तमिळ असतो. मी तिला म्हटलं, भाडेकरू कोण? घर माझं आहे, माझं नि माझ्या घटस्फोट झालेल्या नवऱ्याचं. तिनं माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तिचा हात गळ्याकडं गेला आणि ती पायरीवरच बसली. चेन्नईच्या उन्हात पायरीवर फार वेळ बसवत नाही म्हणून मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. मग तिनं तो गोफ काढला.

त्यानं तिला सांगितलं होतं की पहिली बायको वारली. आणि इथं चेन्नईच्या टोकाला, पट्टाभिराम गावातल्या घरात एक म्हातारी भाडेकरू आहे, निघत नाही, कोर्टात भांडण चालू आहे. मेलेली बायको मीच आणि न निघणारी भाडेकरूही मीच.

"तुझ्या मिस्टरांनी दोन्ही कामं एकाच बाईकडून करून घेतली," मी म्हटलं. "काटकसरी माणूस."

तिला हसू आलं. मग रडू आलं. मी तिला रडू दिलं आणि पातेलं खरवडायला घेतलं.

आता घराचं सांगते. तो संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होता. लग्न करून मला इकडं आणलं तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं आणि मराठीही चौथीपर्यंतच. क्वार्टर्समध्ये राहिलो. मग पट्टाभिरामला जागा घेतली. माझ्या वडलांनी घातलेलं सोनं त्यात गेलं म्हणून वडील अडून बसले की मुलीचं नाव कागदावर पाहिजे. तो म्हणाला, असू दे. म्हणून दोघांची नावं लागली. घर आम्ही दोघांनी उभं केलं. गवंडी लावला होता, पण रविवारी तो स्वतः प्लास्टर करायचा आणि मी वाळू चाळून द्यायची. गच्चीवर जायचा जिना सगळा त्याच्या हातचा. पायऱ्या सारख्या नाहीत, एक उंच, एक बुटकी. नवीन माणूस अजूनही ठेचकाळतो.

मूल झालं नाही. सासूनं बोलायला सुरुवात केली. तो माझ्या विरुद्ध कधी बोलला नाही आणि तिच्याही विरुद्ध बोलला नाही. गप्प बसायचा. मारणारा नवरा असता तर मी उलटून दोन दिल्या असत्या. गप्प माणसाला काय करता? शेवटी मीच म्हटलं, मला सोड नि तुझ्या आईला नातू दे. तो त्यावरही गप्प बसला, आणि नंतर कोर्टात जाऊन सही केली.

घराचं काय, असं वकिलानं विचारलं होतं. आम्ही दोघंही म्हणालो, नंतर बघू. तो गुम्मिडिपूंडीला खासगी कारखान्यात लागला, तिकडं खोली घेतली. मी इथंच राहिले. 'नंतर' काही आलं नाही. आपण दोघंही त्या कागदावर आहोत एवढंच काय ते आमच्यात उरलं होतं. मला वाटतं, म्हणून कुणी ते मोडलं नाही. हे आत्ता वाटतं. तेव्हा मी म्हणायचे, आळशी आहे.

पोटासाठी मी वाळवणं सुरू केली. क्वार्टर्समधली मराठी माणसं बारा गावची. कुणाला कुरडया, कुणाला सांडगे, कुणाला उपवासाचे पापड, काळा मसाला. इथलं ऊन कडक, कुरडई एका दिवसात खडखडीत वाळते. शेजारच्या तमिळ बायका त्यांचे वडाम माझ्याच गच्चीवर टाकायच्या. एकमेकींच्या वाळवणावरून कावळे हाकलायचे. गच्चीला त्या मोट्टैमाडी म्हणतात. ती गच्ची म्हणजे माझी नोकरी आणि माझं पेन्शन. घर दोघांचं असलं तरी गच्ची माझी, असं मी धरूनच चालले होते. कागदावर तसं काही नव्हतं.

मधे एकदा तो आला होता. त्या मोठ्या पुराच्या वर्षी. रस्त्यावर मांडीएवढं पाणी, मी सगळं सामान घेऊन गच्चीत बसलेली. खाली फाटकाशी कुणी उभं दिसलं. छत्री, वर गुंडाळलेली पँट. तो होता. केस पांढरे झाले होते. वर बघून म्हणाला, "ठीक आहेस?"

मी म्हटलं, "दिसतंय ना. घर पण ठीक आहे. भिंत पडलेली नाही तुझी."

तो थोडा वेळ उभा राहिला आणि परत पाण्यातनं गेला. मी समजले की इस्टेट बघायला आला. आता असं वाटतं की ज्या बाईला आपण मेली म्हणून सांगितलं ती खरंच मेली की काय हे बघायला आला असेल. कशाला आला ते मला कधीच कळणार नाही. वर ये, चहा घे, एवढं म्हटलं असतं तर कदाचित कळलं असतं. स्टो गच्चीतच होता.

तर ती बाई डोळे पुसून म्हणाली, "मज सासूबाईंनी बांधलं हे. रोज हात जोडून तुमचं नाव घ्यायला सांगितलं."

"आणि घेतलंस?"

"घेतलं की. मुलगी झाली तेव्हा तुम्हांस साडी पण दाखवली. निळी होती."

"मला निळा आवडत नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सासूनं असं का केलं ते तिला ठाऊक होतं, नंतर कधीतरी घरात बोलण्यात निघालं होतं. म्हणजे मेल्याचं कारण नव्हे, टाकाची घाई का झाली ते. माझ्या नणंदेचं लग्न ठरत होतं. आता दोन्ही जोडून पाहिल्यावर मला उलगडा झाला. घरात सोडचिठ्ठी झाली म्हटलं की गावात लोक तोंडं वेंगाडतात, पोरीचं लग्न मोडतं. सून मद्रासला तापानं वारली म्हटलं की लोक हळहळतात आणि दुसरी मुलगी पण देतात. माझं माहेर सोलापूरकडं, या दोन गावांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. सांगणाऱ्याला सोपं गेलं. पण मेली म्हटलं की टाक करावाच लागतो, नाहीतर लोक विचारतात, टाक कुठाय? खोट्याला टाक घालून पक्कं केलं. जिवंत माणसाचा टाक करणं म्हणजे अपशकुन, हे माझ्या सासूला चांगलं ठाऊक होतं. तरी केला. देवाला फसवण्यापेक्षा गावाला फसवणं तिला जास्त गरजेचं होतं.

आणि तो? आईपुढं गप्प बसला असणार, आणि मग तेच पुढं सांगत राहिला असणार. आणखी काय.

पुढच्या आठवड्यात ती मुलीला घेऊन आली. मुलगी पेरुंगुडीला कुठल्या तरी कंपनीत कामाला, तिघं तिथंच भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होती. मुलीला मराठी समजतं पण बोलता येत नाही. ती तमिळमध्ये इंग्रजी घालून बोलली. पप्पांचं आजारपण आहे, आंटी, घर विकून टाकू, बिल्डर तयार आहे, तुम्हाला फ्लॅट मिळेल, लिफ्ट असेल, वॉचमन असेल.

"गच्ची असेल?" मी विचारलं.

"टेरेस कॉमन असते, आंटी."

"कॉमन गच्चीवर माझ्या कुरडया वाळू देतील?"

तिनं खांदे उडवले. वाईट मुलगी नव्हती. बाप अंथरुणावर होता.

मी वकिलाकडं गेले. त्यानं सरळ सांगितलं, दोघांपैकी एकानं विकायचं म्हटलं आणि वाटणी पटली नाही, तर कोर्ट घर विकायला लावू शकतं. दुसरा रस्ता म्हणजे आपसात घर मधोमध वाटून घ्या, भिंत घाला, नोंदणी करा. पण त्याला समोरचा तयार पाहिजे. समोरचा म्हणजे तो, आणि लकव्याच्या झटक्यानं त्याची वाचा गेली होती. म्हणजे ती. माझी गच्ची आता त्या बाईच्या हातात होती, जिच्या गळ्यात मी इतकी वर्षं होते.

मी तिला फोन केला आणि म्हटलं, "विकू नको. वाटून घेऊ."

ती म्हणाली, "बघते, अक्का." बघते म्हणणाऱ्या माणसांचा मला धसका आहे. एका 'बघू'मध्ये माझं अर्धं आयुष्य गेलं होतं.

वाटणीसाठी घर मोजायला माणूस आला त्या दिवशी ती एकटीच आली, मुलीला न आणता. मी समजले, विकायचं हिनं ठरवलेलं नाही. त्या माणसानं पुढच्या खोलीपासून मागच्या विहिरीपर्यंत दोरी धरली. मधली खोली अर्धी अर्धी झाली. मोरी माझ्याकडं आली, विहीर तिच्याकडं. आणि जिना तिच्याकडं गेला. दोरी सरळ होती, जिना तिच्या बाजूला होता, त्यात कुणाची लबाडी नव्हती. जिना नसेल तर वरची अर्धी गच्ची घेऊन मी काय करू, पाखरासारखी उडत जाऊ?

मागणं मला येत नाही. माझ्या आईलाही येत नव्हतं.

ती जिन्याकडं बघत होती. दोन पायऱ्या चढली, तिसऱ्या उंच पायरीवर ठेचकाळली, कठडा धरला.

"अय्यो, कोणी बांधलं हे?"

"तुझ्या मिस्टरांनी."

"वाटलंच," ती म्हणाली. मग त्या माणसाकडं वळून तमिळमध्ये म्हणाली की जिना नि वरची गच्ची सगळी अक्कांना लिहा, आणि मागची खोली पूर्ण मला द्या, हिशोब लागेल. माझ्याकडं बघून म्हणाली, "मज गुडघे बघा. मी वर जाऊन काय करू?"

मागची खोली माझी निजायची होती. मी लगेच हो म्हटलं. आभार मानायला पाहिजे होते. मी तिला चहा दिला, त्यात आलं जास्त घातलं.

नोंदणीला तो येऊ शकत नव्हता म्हणून कचेरीचा माणूस त्यांच्या फ्लॅटवर गेला. मलाही जावं लागलं. पट्टाभिरामहून पेरुंगुडी म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. लिफ्टनं वर गेलो. तो खिडकीशी पलंगावर होता, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मेलेला. अंगठा डाव्या हाताचा घेतला. तिनंच त्याचा हात धरून शाईवर टेकवला, कागदावर टेकवला, आणि ओल्या फडक्यानं पुसला.

कचेरीचा माणूस गेल्यावर ती मला म्हणाली, "बोला अक्का. कानाला येतं त्यांच्या सगळं."

वाटेत बसमध्ये मी पुष्कळ बोलायचं ठरवलं होतं. मी खुर्ची ओढली आणि विचारलं, "मी मेले म्हणून सांगितलंस?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. त्याला सांभाळायला ठेवलेली तमिळ बाई होती, ती म्हणाली, त्यात काही नाही, अम्मा, ते सारखे रडतात, टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी रडतात.

तर ते रडणं मला होतं की साबणाला, ते कुणी सांगावं. बोलता येत होतं तेव्हा मी त्याला कधी काही विचारलं नाही. गप्प माणूस आहे म्हणून मीही गप्प बसले, आणि त्याच्यापेक्षा जास्त ताठ बसले. विचारायला गेले तेव्हा त्याची वाचाच गेली होती. आयुष्यात आमचं असंच झालं, दोघंही एका वेळी दारात कधी आलो नाही.

मी म्हटलं, "गच्ची माझ्याकडं आली. जिन्यासकट." त्याचा डावा हात चादरीवर हलला. मग मी उठले.

तो त्यानंतर थोड्याच दिवसांत गेला. तिचा फोन आला. आधी रडली, मग म्हणाली, "अक्का, मी तो टाक काढला म्हणून हे झालं का? इतकी वर्षं होता तोवर त्यांना काही झालं नाही."

"त्याला झटका आला तेव्हा टाक तुझ्या गळ्यात होता," मी म्हटलं.

"खरंच की," ती म्हणाली. "ते मज लक्षातच नाही आलं."

"आणि मी जिवंत आहे. मी कुणाला कशी खाणार? खायचं असतं तर समोर येऊन खाल्लं असतं."

"अक्का, असं बोलू नका, घरात माणसं बसलीत," ती म्हणाली, पण आवाज सुधारला होता.

अस्थी चेन्नईजवळच्या कोवलमला समुद्रात सोडायचं मुलीनं ठरवलं. तिथं गर्दी कमी म्हणे. तिची आई म्हणाली, तुम्ही पण या. मी म्हटलं, माझं काय काम? तर म्हणाली, टाकाचं काम आहे. म्हणून गेले.

कोवलमला होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या, जाळी पसरलेली, मासळीचा वास. मुलगी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गेली आणि मडकं सोडलं. तिची आई नि मी वाळूत उभ्या. मग तिनं पिशवीतून टाक काढला.

"हे पण सोडते. त्यांच्याबरोबर जाऊ दे."

"थांब," मी म्हटलं. "त्याच्याबरोबर मला कशाला पाठवतेस? एकदा कोर्टात जाऊन सुटले ना मी?"

मुलगी पाण्यातून बाहेर येत होती. आमच्याकडं बघून तिला कळेना, दोन म्हाताऱ्या अस्थी सोडायला येऊन हसताहेत काय.

हसून झाल्यावर ती टाक हातात फिरवत म्हणाली, "मग काय करू? सोनाराकडं देऊ का मोडीत? चांदी चांगली आहे. तुमच्या नणंदेची आहे."

मी विचारलं, "कुणाची?"

"मज सासूबाई पितळेचा पत्रा घाला म्हणत होत्या. नणंदेनं हट्ट धरला, वहिनीला पितळ नको. पायातले पैंजण काढून दिले. मद्रासचे होते म्हणे. लग्नात पाय मोकळेच होते तिचे. मी बघितलं आहे, मी नवी होते, मला वाटलं ह्यांच्यात घालत नसतील."

ती नणंद लहान असताना दोन वर्षं आमच्याकडं होती, क्वार्टर्समध्ये. आई तिला शाळेत घालेना म्हणून तो घेऊन आला होता. मी तिचे केस विंचरायची, ती माझ्या पाठीला टेकून पाढे म्हणायची. परत जाताना साहुकारपेठेतून तिला पैंजण घेऊन दिले. मोठे घेतले, वाढत्या पायाचे. गाडीत बसल्यावर तिनं पाय खिडकीपर्यंत वर करून मला दाखवले होते.

घटस्फोटानंतर सासरच्या कुणी विचारलं नाही याचं मला काही वाटलं नाही. तिनं विचारलं नाही याचं वाटलं. मी वाट पाहिली की ही तरी लिहील. लिहिलं नाही. लग्न झालं तेही कळवलं नाही. ठीक आहे, म्हटलं, रक्त तिकडचंच. मग तिचं नाव मी मनातून काढलं, आणि आठवण आली की तोंड कडू व्हायचं. ते तसं किती वर्षं चाललं, मोजलं नाही. आणि तिकडं ती पोर मी मेले म्हणून रडली होती आणि मोकळ्या पायांनी बोहल्यावर उभी राहिली होती.

"आता कुठं असते ती?" मी विचारलं.

"गेली की, अक्का. फार दिवस झाले. कावीळ झाली होती. प्रत्येक वेळी आली की हा टाक हातात घेऊन बघायची. म्हणायची, वहिनी अशी नव्हती दिसत, सोनारानं जाड केली."

मी तिच्या हातातून टाक घेतला. पदराच्या टोकाला बांधला. नंतर बसमध्ये खिडकीशी बसले. त्याच्यासाठी मला रडू आलं नव्हतं. नणंदेसाठी आलं, आणि त्या पोरीला ते कळायची काही सोय नव्हती. मी जिवंत आहे एवढं एक वाक्य तिला कुणी सांगितलं असतं तर ती पट्टाभिरामला पळत आली असती, हे मला आजही ठामपणे वाटतं. माझा राग जायला तरी दुसरं काय लागणार होतं.

भिंत पुढच्या महिन्यात घातली. मधल्या खोलीतून वीट चढत गेली तसा उजेड कमी होत गेला. मुलीची बदली बेंगळुरूला झाली, फ्लॅट सोडला, आणि तिची आई आपल्या अर्ध्या घरात राहायला आली. तिच्या बाजूला विहीर आहे, माझ्याकडं मोरी आहे. तिनं तिकडं नवी मोरी बांधून घेतली, मी नळ घेतला. भिंत एक विटेची आहे, सगळं ऐकू येतं. ती कुकरच्या शिट्ट्या मोठ्यानं मोजते. सकाळी देवापुढं तमिळमधून काही म्हणते आणि मधेच मराठीतून देवाला रागावते. नाव घ्यायची सवय सुटत नाही म्हणून मधून मधून अजून माझं नाव घेते. मग मी भिंतीवर लाटणं आपटते आणि ओरडते, "आहे गं, अजून इथंच आहे!"

"सॉरी, अक्का!" तिकडून येतं.

उन्हाळ्यात मी कुरडया गच्चीवर टाकते. ती वर येत नाही, गुडघे खरंच गेलेत तिचे. खाली तिच्या दारात खुर्ची टाकून बसते, वर कावळा दिसला की काठी आपटते. पहिला घाणा मी तिला तळून देते. टाक मी देवात ठेवला नाही, मी काही देव नाही. ओट्याच्या वरच्या खिळ्याला अडकवलाय. हात धुताना दिसतो. सोनारानं जाड केली हे खरं आहे.

सासू गेली, नणंद गेली, तो गेला. ती आहे, आणि मी आहे.